‘परत कधी पाहायचे?’ : औषध-नोंदवहीसोबतचे माहितीपत्रक

आमची खिशात मावणारी औषध-नोंदवही वापरणारे नर्सिंगचे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग (तोंडाने, शिरेतून वगैरे) या तिन्हींना मिळून जेवढी जागा दिली आहे, तेवढी ‘परत कधी पाहायचे’ या एकट्या रकान्याला कशासाठी? या पत्रकात त्याचे उत्तर दिले आहे.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पडताळणी आपल्याला तोंडपाठ असते, आणि ती डोस देण्याच्या क्षणापाशी संपते. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास मात्र त्यानंतर सुरू होतो, तोही प्रत्येक औषधाच्या स्वतःच्या वेळापत्रकाने. म्हणून हा रकाना डोस देण्यापूर्वीच भरावा, अशी आमची विनंती आहे. ट्रॉली पुढच्या खाटेकडे सरकली की तो भरला जात नाही.

सकाळी साडेसातला त्वचेखाली दिलेले साधे इन्शुलिन साधारण अर्ध्या तासाने काम करू लागते आणि 2 ते 4 तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो. अशा वेळी रकान्यात ‘नाश्ता किती खाल्ला ते 8 वाजता, घाम, थरथर, गोंधळ 9:30 पासून 11:30 पर्यंत’ असे लिहावे. याच वेळेत रुग्णाला एखाद्या तपासणीसाठी उपाशी ठेवले गेले, तर ही ओळ लिहिणाऱ्याच्याच ते लवकर लक्षात येईल. रुग्ण बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) घेत असेल, तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र बहुधा दिसतो. तेव्हा शंका येताच रक्तातील साखर तपासावी.

मॉर्फिनच्या बाबतीत फसगत होते ती झोपेमुळे. वेदनेने तळमळणारा रुग्ण शांत झोपला की सर्वांनाच हायसे वाटते; परंतु श्वास मंदावण्याच्या आधी बहुतेक वेळा गुंगीच वाढलेली असते. रुग्णाला हात लावण्यापूर्वी छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी आणि मग हाक मारून तो कितपत जागा होतो ते पाहावे, कारण आधी हलवले तर श्वास वाढतो आणि मिळालेला आकडा खोटा दिलासा देतो. मॉर्फिनचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन द्यावे लागले, तर या रकान्यात एक ओळ पुरणार नाही: त्याचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरू शकतो आणि जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधापूर्वी हृदयाच्या टोकापाशी स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. प्रौढ व्यक्तीत ते 60 पेक्षा कमी असल्यास डोस थांबवून वरिष्ठांना कळवण्याची पद्धत आहे. भूक मरणे, मळमळ, वस्तू पिवळसर दिसणे ही लक्षणे आजाराच्या खात्यात टाकू नयेत, विशेषतः रुग्णाला लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइडही चालू असेल तेव्हा. कारण त्याने पोटॅशियम घटते आणि घटलेल्या पोटॅशियममुळे डिगॉक्सिनची विषबाधा सहज होते.

काही औषधांवर डोस चालू असतानाच लक्ष ठेवावे लागते. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून किमान 60 मिनिटे घेऊन सावकाश दिले जाते. घाईने दिल्यास चेहरा आणि मान लाल होऊन खाज सुटू शकते. तसे दिसताच ते थांबवून कळवावे. ही प्रत्येक वेळी ॲलर्जी नसते, पण ते ठरवणे विद्यार्थ्याचे काम नव्हे. आवाज घोगरा होणे, श्वासात शिट्टी वाजणे किंवा रक्तदाब कोसळणे यांपैकी काही दिसले, तर रुग्णाजवळून न हलता मदतीसाठी हाक द्यावी.

रुग्णाला काय विचारायचे, हेही आधीच लिहून ठेवावे. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. कान आणि तोल यांवर परिणाम करू शकणारे जेन्टामायसिन हे प्रतिजैविक चालू असलेल्या रुग्णाला ‘कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का?’ असे नेमके विचारले तर नेमके उत्तर मिळते.

आकडे लिहिताना 1.0 ऐवजी 1 आणि .5 ऐवजी 0.5 असेच लिहावे. टिंब पुसट झाले की एकाचे दहा आणि अर्ध्याचे पाच होतात. ‘युनिट’ हा शब्द आम्ही छापूनच दिला आहे, कारण त्याऐवजी लिहिलेले रोमन अक्षर U घाईत शून्यासारखे वाचले जाते.

आमच्या जुन्या आवृत्तीत शेवटी नेहमीच्या मात्रांचा तक्ता होता, तो आम्ही काढून टाकला. मूत्रपिंडाची स्थिती, वजन आणि वय यांनुसार मात्रा बदलते, आणि खिशातल्या छापील आकड्यावर डॉक्टरांच्या ऑर्डरपेक्षा अधिक विश्वास बसू लागतो, असे आमच्या लक्षात आले. काही ग्राहकांनी त्याबद्दल नाराजी कळवली. तरीही तो तक्ता परत येणार नाही.

ही वही म्हणजे रुग्णाची अधिकृत नोंद नव्हे. तिच्यात रुग्णाचे नाव लिहू नये आणि जे आढळले ते औषधतक्त्यावर वेळेसह नोंदवावे. परत पाहण्याची वेळ येण्यापूर्वीच ड्यूटी संपत असेल, तर ती ओळ खोडू नये. पुढच्या पाळीतील परिचारिकेला ती खाटेपाशी उभे राहून सांगावी आणि शेवटच्या अरुंद चौकटीत तिची आद्याक्षरे घ्यावीत. ती चौकट त्यासाठीच ठेवली आहे.