बर्फ काढून कडक केलेली बिअर: ती बिअरच राहते का, आणि परवानगीसाठी काय लागतं

बिअर गोठवायची, जमलेला बर्फ बाजूला काढायचा आणि खाली उरलेलं जास्त कडक पेय बाटलीत भरायचं. भट्टी नाही, वाफ नाही. मग वाळूजच्या ब्रुअरीने हे करायचं ठरवलं तर ती बिअरच बनवते आहे, की दारू गाळते आहे? एका ओळीत उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक कायदा वेगळ्या मापाने मोजतो. अर्ज फेटाळले जातात तेही बहुतेक याच गोंधळामुळे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत बिअर म्हणजे एल, स्टाउट, पोर्टर आणि सामान्यतः माल्टपासून केलेली सर्व आंबवलेली मद्यं. या व्याख्येत टक्केवारीची मर्यादा नाही आणि पाणी काढण्याबद्दल शब्दही नाही. बर्फ काढलेली बिअर माल्टची आहे आणि आंबवलेलीच आहे, ऊर्ध्वपातन (वाफ करून गाळणं) झालेलं नाही. म्हणून या व्याख्येपुरती ती बिअरच, असं आमचं वाचन.

अन्नसुरक्षा कायद्यात मात्र गाडी अडते. मद्यपेयांचे २०१८ चे विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यात ०.५ ते ५ टक्के अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि ५ च्या वर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. पुढे बिअरचा रकाना संपतो. व्हिस्की, रम, ब्रँडीचा रकाना ३६ टक्क्यांपासून सुरू होतो, आणि तो गाळलेल्या मद्यासाठी आहे. म्हणजे १२ टक्क्यांचं बर्फ काढलेलं पेय या कागदावर बिअर नाही आणि व्हिस्कीही नाही.

‘बाहेर तर विकतात’ हा युक्तिवाद अर्जात बरेच जण घालतात, तो जपून वापरावा. जर्मनीत कुल्मबाखची आइसबॉक, म्हणजे अशीच बर्फ काढून कडक केलेली बिअर, जुनी आहे. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २००९ मध्ये ३२ टक्क्यांची आणि २०१० मध्ये आधी ४१, मग ५५ टक्क्यांची बिअर काढली. पण अमेरिकेच्या १९९४ च्या नियमानुसार बर्फाच्या रूपात मूळ आकारमानाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी काढता येतं. त्याहून जास्त काढलं की ते ‘बिअर कॉन्सन्ट्रेट’ ठरतं आणि बिअर म्हणून तसंच विकता येत नाही. उलट जागतिक सीमाशुल्क वर्गवारीच्या २२०३ या बिअरच्या शीर्षकाखालच्या स्पष्टीकरणात, निर्वात पद्धतीने मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत आटवलेली बिअरही बिअरच धरली आहे. आयातदाराला ते उपयोगी पडेल. इथल्या उत्पादकाला त्याने परवाना मिळत नाही.

आधी हिशोब, मग अर्ज

अर्जासोबत वस्तुमानाचा हिशोब, म्हणजे किती बिअर घेतली, किती बर्फात गेली आणि किती उरली, जोडावा लागतो आणि नेमका तिथेच घोळ होतो. समजा टाकीत ५ टक्क्यांची १,००० लिटर बिअर आहे, म्हणजे ५० लिटर अल्कोहोल. वितळल्यावर ४०० लिटर भरेल इतका बर्फ काढला. कागदावर बर्फ शुद्ध पाण्याचा धरला तर उरलेल्या ६०० लिटरची तीव्रता ८.३ टक्के येते, म्हणजे मर्यादेबाहेर. प्रत्यक्षात स्फटिकांच्या फटीत बिअर अडकते. वितळलेल्या पाण्यात १ टक्का अल्कोहोल निघालं तर ४ लिटर तिकडे गेलं, ४६ लिटर उरलं आणि तीव्रता ७.७ टक्के झाली, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या आत. पण वितळलेल्या पाण्यात तेच १ टक्का धरून ४५० लिटर बर्फ काढा, आकडा ८.३ वर जातो. जास्तीच्या फक्त ५० लिटर बर्फाने वर्ग बदलला. म्हणून हिशोबात बर्फाचं वजन, वितळलेल्या पाण्याचं मोजमाप आणि त्यातलं अल्कोहोल हे तिन्ही आकडे वेगवेगळे द्यावेत. तीव्रता २० अंश सेल्सिअसला मोजलेली असावी. थंडगार द्रव तसाच मोजला तर वाचन चुकतं.

५ टक्क्यांची बिअर साधारण उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागते. अल्कोहोल वाढत जाईल तसा गोठणबिंदू खाली सरकतो आणि उणे १८ च्या फ्रीजरमध्ये तीस-पस्तीस टक्क्यांच्या दरम्यान गाडी थांबते. फार वेगाने थंड केलं तर बारीक स्फटिकांचा चिखल होतो, तो निथळत नाही आणि अल्कोहोल बर्फासोबत वाया जातं. सावकाश थंड करून स्फटिक मोठे होऊ द्यावे लागतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात शेडचं तापमान चाळिशीपार असताना वीज दोन तास गेली की वरचा थर वितळून परत मिसळतो आणि अख्ख्या बॅचची नोंद बिघडते. शीतकरणाला जनरेटरची जोडणी असल्याचं प्रक्रिया-टिपणात लिहा.

अर्ज कोणत्या क्रमाने

उत्पादन ८ टक्क्यांच्या आत राहणार असेल तर वाट सोपी आहे. नवीन वर्ग नको, फक्त प्रक्रियेतला बदल मंजूर करून घ्यायचा. ८ च्या वर जायचं असेल तर आधी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे ‘नॉन-स्पेसिफाइड फूड’ म्हणून, २०१७ च्या विनियमांखाली मंजुरी मागावी लागते. त्यात घटक, निर्मितीची प्रक्रिया, सुरक्षिततेची माहिती, इतर देशांतली स्थिती आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. ती हातात येण्याआधी उत्पादन शुल्क खात्याकडे लेबल घेऊन जाण्यात अर्थ नाही, फाईल त्रुटी काढून परत येईल.

राज्य उत्पादन शुल्काचा अर्ज करतो तो ब्रुअरीचा परवानाधारक. महाराष्ट्र बिअर व वाइन निर्मिती नियम, १९६६ खालचा परवाना नसलेल्याने ‘आधी नमुना करून दाखवतो’ म्हणू नये. नमुनाही निर्मितीच असतो. अर्ज जिल्ह्याच्या अधीक्षकांच्या कार्यालयातून आयुक्तांकडे जातो. सोबत चालू परवान्याची प्रत, कंपनीचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, जागेचे कागद, यंत्रांचा नकाशा, प्रक्रियेचं टिपण, वर सांगितलेला हिशोब, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, अन्न परवान्याची प्रत आणि लेबलचा मसुदा. शुल्क ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर ००३९ या लेखाशीर्षाखाली भरून चलनाची प्रत लावावी.

नकाशावर सर्वांत जास्त शेरे येतात. गोठवण्याची टाकी, बर्फ वेगळा करण्याची जागा आणि वितळलेलं पाणी साठवण्याची टाकी या तिन्ही स्वतंत्र दाखवा, प्रत्येकीची क्षमता लिटरमध्ये लिहा, वाहिन्या आणि कुलूपबंद झडपा खुणांनी दाखवा. वितळलेल्या पाण्याची टाकी लोक विसरतात. अधिनियमात अल्कोहोल असलेला कोणताही द्रव ‘मद्य’ आहे, त्यामुळे १ टक्क्याचं ते पाणी गटारात सोडलं की हिशोबातून मद्य गायब झालं, असा शेरा पडतो. ते कुठे जातं, किती जातं आणि कोणासमोर नष्ट होतं, याची नोंदवही ठेवावी लागेल.

हेच पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही अडवतं. १ टक्का अल्कोहोल असलेल्या पाण्याची रासायनिक प्राणवायू मागणी (त्यातली घाण विघटित व्हायला लागणारा प्राणवायू), अल्कोहोलपुरतीच, लिटरला सुमारे १६,५०० मिलिग्रॅम येते. सांडपाणी प्रकल्पाची क्षमता त्या हिशोबाने तपासून संमतीपत्रात बदल मागावा. पाणी ‘वाचवतो’ असं मात्र अर्जात लिहू नका. बिअर करताना लागायचं ते पाणी आधीच लागलेलं असतं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात लावली होती, तेव्हापासून या भागात पाण्याचे दावे बारकाईने वाचले जातात.

शुल्काचा मुद्दा अर्जातच सोडवून घ्यावा. बिअर बल्क लिटरवर, म्हणजे प्रत्यक्ष आकारमानावर मोजली जाते, विदेशी मद्य (व्हिस्की, रम यांसारखं स्पिरिट) प्रूफ लिटरवर, म्हणजे त्यातल्या अल्कोहोलवर. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्यामुळे २० टक्क्यांचं १० लिटर पेय बिअर धरलं तर १० बल्क लिटर, स्पिरिट धरलं तर ३.५ प्रूफ लिटर. शिवाय शुल्क गोठवण्याआधीच्या आकारमानावर की नंतरच्या, हेही लेखी विचारा. तोंडी उत्तरावर बॅच चढवू नका, लेखापरीक्षणात तोंडी उत्तर कोणी मोजत नाही.

लेबलवर अल्कोहोलची टक्केवारी आणि मद्यपानाचा वैधानिक इशारा हवाच. ‘आइस’ हा शब्द मोठा आणि टक्केवारी बारीक, असा मसुदा हमखास परत येतो.

परमिट रूम, बिअर शॉपी आणि घरचा फ्रीजर

एफएल-३ परमिट रूमचा परवाना विक्रीचा आहे, निर्मितीचा नाही. बाटल्या डीप फ्रीजरमध्ये टाकून बर्फ गाळून ‘स्पेशल स्ट्राँग’ म्हणून देणं म्हणजे मद्याची तीव्रता बदलणं, आणि अधिनियमातली ‘निर्मिती’ची व्याख्या नैसर्गिक व कृत्रिम अशा प्रत्येक प्रक्रियेला कवेत घेण्याइतकी रुंद आहे. बिअर शॉपीवाल्याने वेगळा प्रश्न विचारावा: हे उत्पादन माझ्या परवान्यात बसतं का? ८ टक्क्यांच्या वरचं पेय बिअर म्हणून मंजूर नसेल तर ते एफएल/बीआर-२ च्या, म्हणजे बिअर शॉपीच्या परवान्याच्या दुकानात ठेवता येत नाही. ग्राहकाचं वयही त्यावरच ठरतं, बिअरला २१ वर्षं आणि कडक मद्याला २५.

घरी करणाऱ्यांसाठी वेगळी सवलत नाही. कलम १२ विनापरवाना मद्यनिर्मितीला मनाई करतं, कलम १३ त्यासाठीची साधनं बाळगण्यालाही, आणि शिक्षा कलम ६५ खाली आहे. तब्येतीच्या बाजूनेही ‘गाळलेली नाही, म्हणून स्वच्छ’ हा समज चुकीचा आहे. ऊर्ध्वपातनात निदान सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढता येतो. गोठवताना जवळजवळ फक्त पाणी जातं, बाकी सगळं, फ्युजेल तेलांसह (आंबवताना तयार होणारी जड अल्कोहोलं), त्याच प्रमाणात घट्ट होतं. आणि बंद बाटली गोठवली तर पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, काच फुटते.