कॉलेज मोठं की शाखा आवडीची? कॅपचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात, म्हणजे कॅप या केंद्रीभूत प्रक्रियेत, कॉलेज आणि शाखा वेगवेगळी निवडता येत नाहीत. ऑप्शन फॉर्ममधला प्रत्येक चॉइस कोड म्हणजे एका कॉलेजातली एक शाखा. त्यामुळे ‘पुण्याच्या सीओईपीची मेटलर्जी की दुसऱ्या कॉलेजचं कॉम्प्युटर’ हा वाद फॉर्म भरतानाच मिटवावा लागतो. दरवर्षी कितीतरी घरांत तो ‘आधी नंबर लागू दे, मग बघू’ म्हणून पुढे ढकलला जातो आणि मुलं तिथेच अडकतात.

अडकण्याचं कारण ऑटो फ्रीझ, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होणं. 2025-26 च्या प्रवेशांत चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागत होती. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना होता, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून बाद. म्हणून शेजारीपाजारी नाव घेतात एवढ्यासाठी मुंबईच्या व्हीजेटीआयची टेक्स्टाइल पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मिळाली तर चार वर्षं तीच शिकायची आहे. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम आधी शोधा. पुस्तिका किचकट आहे, मुलांना कळेल अशा भाषेत ती कुणी लिहीत नाही, पण एवढं पान तरी वाचाच.

‘नंतर शाखा बदलून घेऊ’ या भरवशावर राहू नका. पहिल्या वर्षानंतर बदल मिळतो तो जागा रिकाम्या असतील तरच, आणि तोही गुणांवर. कॉम्प्युटरच्या जागा सहसा रिकाम्या राहत नाहीत.

उलटी भीतीही तितकीच चुकीची आहे. ‘वरचं मागितलं तर खालचं हातचं जाईल’ असं काही होत नाही. यंत्रणा यादी वरून खाली तपासते आणि तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला बसणारी सगळ्यात वरची जागा देते. म्हणून क्रम कटऑफचा लावू नका, मनाचा लावा. जिथे खरोखर जायचं नाही, तो कोड लिहूच नका. तीनशे पर्याय भरता येतात, म्हणून तीनशे भरलेच पाहिजेत असं नाही.

बेटरमेंट घेतलीत, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहिलीत, तर वरची पसंती मिळाल्यावर हातातली जागा आपोआप जाते. पुढच्या फेरीआधी क्रम बदलताना हातातल्या जागेपेक्षा खरंच जास्त हवं असेल तेवढंच वर ठेवा.

मागच्या वर्षीचे कटऑफ पाहताना कोड नीट वाचा. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या भागातल्या मुलांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांतल्या मुलांच्या, एस म्हणजे राज्यस्तर. पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा पाहून नागपूरच्या मुलाने अंदाज बांधला, तर तो चुकणारच.

पात्रता सोपी आहे: बारावीला भौतिकशास्त्र व गणित, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल बहुतेकांकडे असतात. घोळ होतो तो जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरचा. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतं त्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं (2025-26 साठी 31 मार्च 2026). जुनं दाखवून प्रवर्ग गमावलेली मुलं दरवर्षी दिसतात. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यात हवा. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका, कारण पडताळणी समितीच्या कामाला आपल्या वेळापत्रकाची फिकीर नसते. प्रवर्ग गेला की गुणवत्तेचं सगळं गणित बदलतं, आणि मग शाखा की कॉलेज हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी ‘कन्फर्म’ दाबा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म जागावाटपात धरला जात नाही. वेळापत्रकात तारखेशेजारी वेळही छापलेली असते. ती मध्यरात्रीची असेल असं गृहीत धरू नका. कन्फर्म झाल्यावर प्रिंट काढा आणि पहिले सहा चॉइस कोड आईवडिलांना शाखेच्या नावासकट मोठ्याने वाचून दाखवा.