धक्का आणि दचका

“रिव्हॉल्वर हलकं, फार उडतं, म्हणून नेम लागत नाही.” रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत लायसन्सवाल्यांचं हे पालुपद. उडतं हे खरं. म्हणून नेम लागत नाही, हे साफ चूक.

धक्का म्हणजे बार होताना हत्यार मागे ढकलतं तो, हे सांगायला नको. शेतराखणीची बारा बोरची बंदूक असलेल्या बागायतदाराच्या खांद्याला तो पाठ असतो. कानपूरच्या 500 ग्रॅमच्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्वरमधलं .32 काडतूस तसं सौम्यच, पण वजन नाही आणि खांदा नाही, म्हणून तळहाताला झोंबतं. मूठ जमेल तितकी वर धरा, झालं. दुसऱ्या हाताचा अंगठा तेवढा सिलिंडरच्या पुढे नको, तिथल्या फटीतून तापलेला वायू सुटतो.

आखूड नळीतून गोळी बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तेवढ्यात नळी किंचित उचलते, पण ते माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याच्या, उंचीत आधीच धरलेलं असतं. आपल्याला दिसते ती मोठी उसळी गोळी गेल्यावरची.

दचका त्याआधीचा. आता बार होणार या धास्तीने मनगट खाली झुकतं आणि चाप हिसकला जातो. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा (हातोडी) मागे नेऊन पाडणारा, चाप ओढायला साधारण 5 किलोचा जोर, म्हणजे ‘निर्भीक’च्या वजनाच्या दसपट! बोट जरा तिरकं ओढलं की नळी फिरलीच. माशी आणि मागची खाच यांत 10 सेंटीमीटर अंतर धरा: माशी 1 मिलिमीटर सरकली की 10 मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर बाजूला. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली जाते ती यामुळेच. दोष धक्क्याचा असता तर ती वर गेली असती. पुठ्ठ्यावरची भोकं बघायची सोडून लोक रबरी मुठी बदलत बसतात!

खात्री हवी तर रेंजवर चार काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या दुसऱ्याकडून भरून घ्या, कुठे काय ते आपल्याला कळू नये. चामड्याच्या पट्ट्यात पावसाळा काढून हिरवी पडलेली काडतुसं नकोत, ती सिलिंडरच्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) अडकतात. नुसतं ‘टक्’ झालं तरी नळी लक्ष्यावरच ठेवा. बार नाही, धक्का नाही, तरी माशी बुडाली? तोच दचका.

उपाय घरचाच: काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस), माशीपाशी एक नाणं. ते न पडता चाप सावकाश ओढायचा, रोज वीस वेळा. .22 रिव्हॉल्वरमध्ये मात्र रिकाम्या घरावर घोडा पाडू नका. त्याची पिन घराच्या कडेवर आपटून बोथट होते.