प्रकाशोपचार, त्वचा-लिंफोमावरील

टी-लसीका कोशिकांपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून) त्वचेत उद्भवणाऱ्या लिंफोमा या कर्करोगाच्या, विशेषतः मायकोसिस फंगॉइडिस या त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या, प्रारंभिक अवस्थेत जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी केली जाणारी चिकित्सा. रोग चट्टे व चकत्या यांपुरता मर्यादित असून गाठी झालेल्या नसतील, तर हा प्रथम पसंतीच्या उपचारांपैकी एक मानला जातो.

सोरालेन (त्वचेला जंबुपार किरणांस संवेदनशील करणारे द्रव्य) असलेल्या वनस्पती व ऊन यांच्या संयुक्त वापराचा उगम विवाद्य आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील किलासनाशक (किलास म्हणजे कोडासारखा त्वचारोग) वनस्पतीच्या सूक्तांत बावची ही सोरालेनयुक्त वनस्पती अभिप्रेत असल्याचे त्वचाविज्ञानाच्या ग्रंथांत अनेकदा म्हटलेले असते. परंतु तेथील असिक्नी व रजनी या वनस्पती कोणत्या हे निश्चित नाही (रजनी हे हळदीचेही नाव आहे), शिवाय उन्हात बसण्याचा विधी तेथे सांगितलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मात्र श्वित्रावर (कोडावर) मलपू या वनस्पतीचा रस पिऊन यथाशक्ती ऊन घ्यावे, असे स्पष्ट विधान आहे. ते बावचीविषयी नसले, तरी पुरावा म्हणून अधिक ग्राह्य वाटते. आधुनिक वापराची सुरुवात 1940 च्या दशकाच्या अखेरीस ईजिप्तमध्ये झाली. तेथे अब्दुल मोनेम एल मोफ्ती यांनी अम्मी माजुस या वनस्पतीतील मेथॉक्सिसोरालेन कोडावर वापरले. सोरायसिसवरील ‘पूवा’ (सोरालेन व जंबुपार-अ किरण यांच्या संयुक्त) उपचाराचे निष्कर्ष 1974 मध्ये प्रसिद्ध झाले, तर मायकोसिस फंगॉइडिसवरील पहिले निष्कर्ष 1976 मध्ये बार्बरा गिलक्रेस्ट व सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केले.

पूवामध्ये 8-मेथॉक्सिसोरालेन तोंडाने दिल्यानंतर सुमारे दीड ते दोन तासांनी रुग्णास 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार-अ किरणांसमोर उभे करतात. सोरालेनाचे रेणू डीएनएच्या दोन सर्पिलांमध्ये शिरतात आणि किरण शोषून पिरिमिडीन घटकांशी आडवे बंध तयार करतात. परिणामी विकृत लसीका कोशिका मरतात. 311 ते 313 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील जंबुपार-ब किरणांसाठी असे औषध लागत नाही, पण ते त्वचेत कमी खोल जातात. म्हणून पातळ चट्ट्यांसाठी ते आणि जाड चकत्यांसाठी पूवा, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. केशकूपांभोवती पसरणाऱ्या प्रकारात दोन्हींचा प्रभाव कमी पडतो.

काखा, जांघा, डोक्याची केसाळ त्वचा अशा किरण नीट न पोहोचणाऱ्या जागी रोग टिकून राहू शकतो. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत, भारतातही, दिसणारा फिकट चट्ट्यांचा प्रकार कोड किंवा कुष्ठरोग समजला जाण्याची शक्यता असल्याने निदानासाठी त्वचेच्या तुकड्याची तपासणी आवश्यक ठरते. हा प्रकार अरुंद पट्ट्यातील किरणांना सहसा चांगला प्रतिसाद देतो.

मळमळ, त्वचेचा दाह आणि दीर्घकालीन पूवामुळे वाढणारा त्वचेच्या अन्य कर्करोगांचा धोका हे मुख्य दुष्परिणाम होत. सोरालेन घेतल्यावर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा लागतो. चट्टे गेल्यानंतर उपचार अंतराअंतराने चालू ठेवावेत की थांबवावेत, याविषयी मतभेद आहेत: चालू ठेवल्यास एकूण मात्रा वाढते, थांबवल्यास रोग उलटण्याची शक्यता राहते. अमेरिकेतील तज्ज्ञगटाच्या 2016 च्या मार्गदर्शनात उपचारांची वारंवारता क्रमाक्रमाने कमी करत नेण्याचा मध्यममार्ग आहे आणि तोच अधिक सयुक्तिक दिसतो.