मुळशीचं पाणी, मुंबईची वीज

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघालं की रस्ता बराच वेळ मुळशीच्या जलाशयाच्या काठानं जातो. पावसाळ्यात तिथं गाड्यांची रांग लागते, कणसं भाजली जातात, फोटो निघतात. मी एकदा मे महिन्यात तिथं उतरलो होतो. पाणी पार आत गेलं होतं आणि भेगाळलेल्या चिखलात दगडी ताली एकाखाली एक उतरत गेलेल्या दिसत होत्या. ती भाताची खाचरं होती. हे खोरं आंबेमोहोराचं. कुणाच्या तरी पाच-सहा पिढ्यांनी दगडावर दगड रचून बांधलेली ती शेतं शंभर वर्षं पाण्याखाली राहूनही अजून जागच्या जागी होती.

ऊर्जेची टंचाई, हवामानबदल, 'हरित ऊर्जा' यांवर आज जी चर्चा चालते, तिची महाराष्ट्रातली सुरुवात मला या खाचरांपाशी दिसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, महाग पडे, आणि शहरावर धुराचं छत धरलेलं असे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पाऊस बेसुमार, आणि पश्चिमेला कोकणात एकदम दीड हजार फुटांहून खोल कडा. पूर्वेकडे वाहणारी नदी माथ्यावरच अडवायची, तिचं पाणी उलट पश्चिमेला वळवून कड्यावरून नळांतून खाली सोडायचं आणि त्या वेगावर जनित्रं फिरवायची, अशी टाटांची योजना होती. 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, 1922 मध्ये भिवपुरीचं. तिसरं भिऱ्याचं, आणि त्यासाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर, मुळशीला, धरण बांधायचं ठरलं. या व्यवस्थेत पाणी फक्त अडत नाही, त्याची दिशाच बदलते. भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी वीज देऊन कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंगला जाणारी मंडळी ज्या पाण्यावर तरंगतात ते हेच.

धरणाखाली पन्नासहून अधिक गावं जाणार होती, सुमारे अकरा हजार माणसं. जमीन घेतली जाणार होती 1894 च्या भूसंपादन कायद्यानं. खाजगी कंपनीचा प्रकल्प, पण संपादन सरकारी. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे, म्हणजे या खोऱ्यातले शेतकरी, धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे ही पुण्याकडची मंडळी पुढारी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. पण मार खाणारे आणि तुरुंगात जाणारे मुख्यतः मावळे होते, त्यांच्या बायकासुद्धा. गांधीजींनी त्या एप्रिलमध्येच टाटांना फेरविचाराची विनंती केली. एकाही गरिबाच्या मर्जीविरुद्ध हे होणार असेल तर योजनेच्या साऱ्या लाभांची किंमत ती काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सहा महिने काम बंद राहिलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला. 1924 च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तोवर लढा आतून विरला होता. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

हा लढा का विरला, हे सांगताना आपण जरा अवघडतो. खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या नावावर गेलेली होती. कसणारा मावळा, कागद सावकाराचा. मोबदल्याचा दर वाढला तसा कागदवाल्यांचा विरोध मावळला. कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला पैसे पुरेसे होते. प्रकल्पाला 'गावाचा विरोध' आहे की 'गावाची संमती', असं आजही एका शब्दात सांगितलं जातं, तेव्हा मला मुळशी आठवते. गाव कधीच एक नसतं. त्यात कूळ असतं, मालक असतो, भूमिहीन असतो, आणि सातबाऱ्यावर जिचं नाव नाही अशी बाई असते.

स्वातंत्र्यानंतर कंपनीची जागा सरकारनं घेतली. कोयनेचं काम 1950 च्या दशकात सुरू झालं. तिथंही तीच युक्ती: कृष्णेच्या उपनदीचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीकडे सोडायचं आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं कोयनेच्या या वळवलेल्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, यावरून आकार लक्षात यावा. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं उठली. कुणी सोलापूरला गेलं, कुणी सांगलीला, कुणी थेट ठाणे-रायगडला, आणि कित्येक जण तिथंच डोंगरावर वर सरकले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. त्यामुळे पाटण तालुक्यात प्रकल्पग्रस्ताचा आणि भूकंपग्रस्ताचा, असे दोन दाखले एकाच घरातल्या पत्र्याच्या पेटीत असू शकतात. सरकारी नोकरीत दोन्हींना आरक्षण आहे. तो दाखला चालवून नातवाला नोकरी मिळावी म्हणून किती घरांनी तलाठी ते कलेक्टर कचेरी असे हेलपाटे घातले असतील.

धरणग्रस्तांच्या चळवळीनं मात्र यातून एक खरं काही कमावलं. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पिढीनं 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे गावोगाव पोचवलं, आणि 1976 मध्ये महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे 1986 आणि 1999 मध्ये तो नव्यानं झाला. त्याचा गाभा साधा होता: धरणामुळे ज्यांची शेतं भिजणार, त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी थोडी जमीन द्यावी आणि बुडालेल्यांना तिथं वसवावं. म्हणजे लाभ आणि हानी एकाच खात्यात मांडायची. दुसऱ्या कुठल्याही धोरणाहून मला हे अधिक न्यायाचं वाटतं.

पण ते पाटाच्या पाण्याला लागू पडतं. विजेच्या धरणाचं लाभक्षेत्र कुठं? मुळशीचं लाभक्षेत्र परळ-लालबाग होतं. तिथं कुणाकडे एकर-दोन एकर मागायची? कोयनेच्या लोकांना म्हणूनच दुसऱ्यांच्या धरणांखाली जागा शोधत फिरावं लागलं, आणि डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेबरोबर त्यांना 2018 मध्येही कोयनानगरला ठिय्या मांडावा लागला.

समाजशास्त्रानं या प्रश्नाला हात घातला तो बराच उशिरा. 1973 चा तेलाचा झटका बसल्यावर, 1978 मध्ये विल्यम कॅटन आणि रायली डनलॅप या अमेरिकी अभ्यासकांनी माणूस निसर्गनियमांना अपवाद असल्यासारखं आपलं शास्त्र वागत आलं आहे, हे स्पष्ट मांडलं आणि पर्यावरणाचं समाजशास्त्र उभं राहिलं. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी 1990 च्या दशकात त्याला देशी शब्द दिले: आसपासच्या निसर्गावर थेट जगणारे, दुरून सगळं ओढून घेणारे 'सर्वभक्षी', आणि आधार तुटल्यावर शहराच्या कडेला येऊन राहणारे पर्यावरणीय निर्वासित. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेडकडचे आणि माथाडी मोठ्या प्रमाणात साताऱ्याकडचे, हे इथं आठवतंच. त्या सगळ्यांना धरणानंच हाकललं असं मी म्हणणार नाही. डोंगराळ शेती तशीही पोट भरत नव्हती. पण त्या खोऱ्यांतून वीज मुंबईला गेली आणि माणसंही मुंबईलाच गेली, एवढं खरं.

पुढची गोष्ट ताजी आहे. दाभोळला एन्रॉन ही अमेरिकी वीजकंपनी आली आणि 2001 मध्ये महाग विजेपायी वीजघर बंद पडलं. जैतापूरला 9,900 मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरला. मार्च 2011 मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात घडला आणि एप्रिलमध्ये इथं गोळीबारात एकाचा जीव गेला. साखरी नाट्याचे मच्छीमार विचारत होते की प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सुटल्यावर मासळीचं काय. मच्छीमाराच्या नावावर समुद्राचा सातबारा नसतो, त्यामुळे त्याचा मोबदला कुठल्या रकान्यात बसवायचा, हा मुळशीच्या कुळाचाच पेच पुन्हा उभा राहिला.

आता सौरऊर्जा वाढते आहे. ऊन दुपारी असतं आणि मागणी संध्याकाळी वाढते, म्हणून दिवसाच्या विजेनं पाणी खालच्या तलावातून वर चढवायचं आणि दिवेलागणीला खाली सोडायचं, असे उदंचन जलविद्युत प्रकल्प हवे आहेत. त्यासाठी लागणारा उंच कडा आणि माथ्यावरचा तलाव पुन्हा सह्याद्रीतच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी अशा दोन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला 1,000 मेगावॅट आणि शिरवट्याला 1,800. शिरवट्याचा तलाव लोणावळ्याजवळचा, खोपोलीच्या पहिल्या वीजघरासाठी बांधलेल्या तलावांपैकी एक.