सेट एकटा आणू नका, अँटेनाची केबलपण घेऊन या

बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेस सेटच्या (आसपासच्या बोटींशी बोलायच्या रेडिओच्या) रिपेअरिंगबद्दल, आमच्या ग्राहकांसाठी

मिरकरवाड्याचे असोत, हर्णैचे नाहीतर साखरी नाट्याचे, सगळे तांडेल (बोट चालवणारे) आणि बोटमालक आम्हाला वर्षभर एकच गोष्ट विचारतात. सेट दुकानात मस्त चालत होता, तुमच्यासमोर बोलून बघितलं, बोटीवर नेऊन लावला तर परत तेच, आम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं पण आमचं कोणालाच जात नाही. मग माणूस चिडतो आणि ते साहजिक आहे, बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, खलाशी येऊन बसलेत आणि तुम्ही सेट पिशवीत घालून परत दुकानात. प्रत्येकाला तोंडी सांगतोच पण गर्दीत अर्धं राहून जातं म्हणून एकदाचं लिहून देतोय.

दहातल्या सहा-सात वेळा सेट बिघडलेलाच नसतो. बिघाड असतो केबलमध्ये, केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये किंवा बॅटरीच्या वायरमध्ये. आणि तुम्ही नेमकं तेच बोटीवर ठेवून फक्त सेट आणता.

आमच्या टेबलावर सेट डमी लोडवर चालतो, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा लोड, तो आलेली पॉवर नुसती उष्णता करून संपवतो, आणि सप्लाय असतो बरोबर १३.८ व्होल्ट. म्हणजे परफेक्ट अँटेना आणि परफेक्ट बॅटरी. तिथे सेट २५ वॅट दाखवणारच. तुमच्या बोटीवर यातलं काहीच तसं नसतं. आणि ऐकू येतं म्हणजे अँटेना ठीक आहे असं धरून चालू नका, जवळच्या बोटीचा सिग्नल इतका जोरात येतो की तुटक्या केबलमधूनही आत शिरतो. पाठवताना मात्र त्याच केबलमधून तुमची २५ वॅट बाहेर पडायला लागते, तिथे सगळं उघडं पडतं.

गेल्या सीझनला एक पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या गोल जाळ्याने मासे धरणारे, आले होते. त्यांच्या सेटचं आउटपुट मॉड्यूल, म्हणजे अँटेनाकडे पॉवर पाठवणारा पार्ट, दुसरीकडे दोनदा बदललं होतं, दोन्ही वेळा पैसे दिले, पंधरा दिवसांत परत तेच. आम्ही सेट न उघडता मीटर घेऊन बोटीवर गेलो. डोलकाठीवर अँटेनाच्या बुडाला जो कनेक्टर असतो त्यावर काळी चिकटपट्टी होती, उन्हाने कडक झालेली, कातरली तर आतून चमचाभर खारं पाणी आलं. कनेक्टर फिरवून काढला तर मधल्या पिनेभोवती हिरवं पीठ जमलेलं आणि केबलचं वरचं आवरण दोन फूट सोललं तरी आतली तांब्याची जाळी काळीच, पार कळकून गेलेली, बोटाने चोळली की भुगा. पाणी केबलच्या आतून जाळीजाळीने खाली उतरत जातं, म्हणून टोक कापून नवीन कनेक्टर लावलात तरी उपयोग होत नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापावी लागते नाहीतर अख्खी बदलावी लागते. त्यांची अख्खी बदलली, सेटला हात लावला नाही, पूर्ण सीझन चालला.

यात एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकच्याही लक्षात येत नाही. पाणी प्यायलेल्या केबलवर एसडब्ल्यूआर मीटर लावला तर तो चांगला रीडिंग देतो! एसडब्ल्यूआर म्हणजे गेलेली पॉवर अँटेनाकडून किती परत येते त्याचा हिशोब, १.५ च्या आत असेल तर उत्तम, ३ झाला तर पाव पॉवर परत आली असं समजा. पण सडकी केबल जाणारी पॉवर पण खाते आणि परत येणारी पण खाते, त्यामुळे सेटच्या बाजूला मीटर म्हणतो सगळं ठीक आणि वर अँटेनाला ३-४ वॅट पण पोचत नाही. म्हणून आम्ही वरच्या टोकाला वॅटमीटर आणि डमी लोड लावून खरोखर किती वॅट पोचतात ते बघतो. त्यासाठी माणूस डोलकाठीवर चढवावा लागतो, वेळ जातो, आणि "नुसतं चेक करायचे पैसे कसले" असं विचारतात ते यासाठीच आहेत. चेकिंग चार्ज रिपेअरच्या बिलातून वजा होतो.

आता एक कळकळीची विनंती. अँटेना काढलेली असताना पीटीटी म्हणजे बोलायचं बटण दाबू नका. केबिन रंगवायला अँटेना काढतात, मग कोणीतरी सेट चालू आहे का बघायला बटण दाबून हॅलो हॅलो करतो. २५ वॅट बाहेर जायला वाट नाही, ती मॉड्यूलमध्येच गरमी होऊन बसते. चांगल्या सेटमध्ये प्रोटेक्शन असतं, ते पॉवर उतरवतं, पण त्या भरवशावर मिनिटभर बोलत राहिलात तर मॉड्यूल जाऊ शकतं आणि अख्ख्या सेटमध्ये तोच पार्ट महाग. सेट काढतानाच माईकपण काढून ठेवा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

कनेक्टर बांधताना आधी सेल्फ फ्यूजिंग टेप ताणून गुंडाळा (ती स्वतःलाच चिकटून एकजीव होते) आणि मग उन्हासाठी वरून पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप एक पावसाळा पण काढत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरवर अजिबात थापू नका, त्यातल्या ॲसिडनेच तांबं खराब होतं. केबल घेताना जाड आरजी-२१३ घ्या. बारीक आरजी-५८ स्वस्त पडते पण २० मीटर टाकलीत तर निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच संपते.

बटण दाबलं की डिस्प्ले मंद होतो किंवा सेट बंद होऊन परत चालू होतो, असं असेल तर सेट आणूच नका, बॅटरीची वायर बघा. बोलताना सेट ५-६ अँपियर ओढतो, बारीक वायर आणि सैल टर्मिनल असेल तर व्होल्टेज तिथेच पडतं. मोठ्या इंजिनच्या बोटींवर २४ व्होल्ट असतात, तिथे मध्ये कन्व्हर्टर लागतोच. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढतात ते करू नका, ती एकच बॅटरी उतरत राहते आणि दोन्ही लवकर जातात. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपियरचा फ्यूज टाका, तार गुंडाळून आणलेले सेट आम्ही बघतो तेव्हा बहुतेक आतला प्रिंट (सर्किटची पट्टी) जळालेला असतो.

आमच्याकडे या किंवा दुसरीकडे जा, पण रिपेअर करणाऱ्याला तीन गोष्टी विचारायला लाजू नका. आधी किती वॅट होते आणि आता किती झाले ते मीटरवर डोळ्यासमोर दाखव, बदललेला जुना पार्ट हातात दे, आणि पावतीवर सेटचा सिरीयल नंबर लिही. आणि तुमच्या केबलबद्दल एक शब्द न विचारता कोणी थेट "मॉड्यूल गेलं" म्हणाला तर सेट उचला आणि निघा, आम्ही असं केलं तर आमच्याकडूनही निघा.

पॉवर वाढवून द्या, बाहेरचे चॅनल ओपन करून द्या, ही दोन कामं आम्ही करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. सेटचं लायसन्स असतं आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या बाहेर बोललात तर दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसता. शिवाय पॉवर वाढवून लांब जात नाही, कारण व्हीएचएफ साधारण क्षितिजापर्यंतच पोचतं. दोन्ही बोटींची अँटेना पाण्यापासून ६ मीटरवर असेल तर साधारण ११ नॉटिकल मैल, ९ मीटरवर नेलीत तर १३. पैसे घालायचेत तर उंचीत आणि केबलमध्ये घाला. आणि चॅनल १६ कृपा करून मोकळं ठेवा, गप्पा आणि गाणी दुसऱ्या चॅनलवर न्या. कोणाच्या बोटीत पाणी भरत असेल तर तो याच चॅनलवर, १५६.८ मेगाहर्ट्झवरच हाक मारणार आहे, आणि ती हाक बहुतेक आधी तुमच्याच एखाद्या ओळखीच्याला ऐकू यायची असते.

ट्रान्सपॉन्डर मिळालाय मग सेट कशाला, हेही विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला ज्या योजनेची सुरुवात झाली त्यातला ट्रान्सपॉन्डर उपग्रहावरून किनाऱ्याशी मेसेज करतो, ते फार कामाचं आहे, पण अंधारात समोरून येणाऱ्या जहाजाला "माझी जाळी पाण्यात आहे" हे तोंडाने सांगायला व्हीएचएफच लागतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, डोलकाठी हाताशी असते. त्यातल्या जूनमध्ये या, निवांत बघू, केबल जोडताना शेजारी उभे राहून बघा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टेबलावर जागा राहत नाही आणि आलेल्या क्रमानेच काम होतं, ओळख असली तरी. येताना सेट, माईक, बॅटरीची फ्यूजसकट वायर आणि अँटेनाची पूर्ण केबल दोन्ही कनेक्टरसकट आणा. केबल डोलकाठीच्या आतून गेलीय, निघत नाही, असं असेल तर नुसतं सांगा, आम्ही जेटीवर येतो, फक्त भरतीची वेळ बघून बोलवा म्हणजे बोट धक्क्याला लागलेली असेल.