पत्र्याच्या छतावर अँटेना चालते का?

“छत पत्र्याचं असेल तर हॅम (हौशी बिनतारी) रेडिओची अँटेना चालतच नाही,” असा एक समज फिरत असतो. पुण्यात गच्चीवर पत्र्याची शेड सर्रास असते, म्हणून हे नीट पाहू.

पत्र्याखाली ठेवलेली अँटेना खरंच दबते, समजाचं मूळ बहुधा तिथेच आहे. पत्र्यावर मात्र चित्र बदलतं. 145 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 49 सेंमीची उभी दांडी पत्र्याच्या मधोमध लावा, कोॲक्सची, म्हणजे रेडिओकडून येणाऱ्या केबलची, बाहेरची जाळी पत्र्याला जोडा. पत्राच ग्राउंड प्लेन, म्हणजे दांडीखाली लागणारा धातूचा पृष्ठभाग, होतो. वेगळे रेडियल (त्या पृष्ठभागाऐवजी पसरायच्या तारा) लागत नाहीत. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना केबलशी किती जुळते ते मोजणारा, 1 म्हणजे अचूक जुळणी) 1.5 च्या आसपास दाखवेल.

7 मेगाहर्ट्झच्या 20 मीटर लांब आडव्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला) मात्र पत्रा जवळ चालत नाही. वीतभर उंचीवर इम्पीडन्स (अँटेनाचा विद्युत अवरोध) कोसळतो आणि एसडब्ल्यूआर चढतो. तार एकेक मीटर वर नेत मोजा, फरक दिसेल.

खरा त्रास गंजलेल्या सांध्यांचा. ते डायोडसारखे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखे) वागून रेडिओवरची खरखर वाढवतात. रंग खरवडून दोन पत्र्यांमध्ये मल्टीमीटर लावून रोध मोजा. आकडा अस्थिर असेल तर सांधे स्टीलच्या बोल्टने आवळा. उघडं तांबं जस्ताच्या पत्र्याला लावू नका, पावसाळ्यात जोड खातो. कथिल चढवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) वापरा.